डिस्कस माशांची जोडी दर वेळी अंडी खाऊन टाकते. अंडी काढून वेगळी ठेवू का?

धुळ्याच्या भाऊंनी तीन गोष्टी विचारल्यात: जोडी अंडी का खाते, अंडी वेगळ्या टबात कुठलं औषध टाकून ठेवावीत, आणि पिल्लं विकून किती सुटतात. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून माझं आणि माझ्या मामेभावाचं अजून वाजतं. अंडी उचलू नका. अजिबात नाही.

मी भुसावळचा. मामेभाऊ नाशिकला असतो, घरात टँकचा रॅक आहे, आणि आमच्या नात्यात मासे म्हटलं की त्याचाच शब्द शेवटचा. मी डिस्कस आणले तेव्हा त्यानं एका लग्नाच्या पंगतीत चार लोकांसमोर सांगितलं, "खान्देशात डिस्कस होणार नाही भो. तुमचं पाणी जड आणि ऊन असं. अंडी दिलीच तर लगेच काढून घे, आईबापाच्या भरवशावर ठेवशील तर पिल्लू बघायला मिळणार नाही."

उन्हाचं त्याचं म्हणणं साफ चूक. डिस्कस हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, त्याला २८ ते ३० अंश पाणी लागतं. पुण्या-नाशिकचे लोक त्यासाठी वर्षभर हीटर जाळतात. आपल्याकडे थंडी सोडली तर हीटर नुसता लटकलेला असतो. एप्रिल-मे मात्र जड जातात, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. तेव्हा झाकण काढायचं, पाण्यावर टेबलफॅन सोडायचा, एअरपंप वाढवायचा आणि ब्रीडिंगचा नाद सोडायचा.

पाण्याचं त्याचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, आठशेच्या वर. मोठे मासे त्यातही जगतात, खातात, अंडीसुद्धा घालतात. पण पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की अंड्याचं कवच कडक होतं आणि फलन नीट होत नाही. अशी अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत पांढरी पडतात, त्यांना बुरशी धरते. आईबाप आधी पांढरी वेचून खातात, मग उरलेलीही साफ करतात. भाऊ, तुमची जोडी खोडसाळ नाही, ती मेलेली अंडी आवरते आहे. पांढरं पडलेलं अंडं टबात नेऊन बुरशीवरचं निळं औषध टाकलं म्हणून जिवंत होणार आहे का?

टीडीएस मीटर आणा आणि ब्रीडिंगच्या टँकचं पाणी शंभर-दीडशेच्या आत ठेवा, पीएच ६ ते ६.५. आरओचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून हे जमतं. मी पावसाचं पाणी वापरतो. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग पन्हाळीखाली ड्रम लावायचा. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या गावांत असं मऊ पाणी फुकट मिळतं आणि लोक ते गटारात सोडतात.

त्या दिवाळीला मामेभाऊ आमच्याकडे आला आणि नेमकी जोडीनं कोनावर, म्हणजे अंडी घालायला टँकमध्ये ठेवलेल्या शंकूवर, अंडी घातलेली होती. तो औषधाची बाटली आणि टब घेऊनच आला होता. बाही वर करून टँकमध्ये हात घालणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. आई मध्ये पडली म्हणून तिथेच थांबलं. तो जेवून निघून गेला.

साधारण साठ तासांनी अंडी फुटली. कोनावर डोक्यानं चिकटलेली पिल्लं, नुसत्या शेपट्या थरथरताहेत. एखादं सुटून खाली पडलं की बाप ते तोंडात उचलून पुन्हा कोनावर चिकटवायचा. दोन-तीन दिवसांनी ती पोहायला लागली आणि सगळा घोळका नराच्या अंगाला जाऊन भिडला. दोघांचाही रंग तोवर काळपट झालेला. पिल्लं त्यांच्या अंगावरचा चिकट थर टोचून टोचून खात होती. नर दमला की अंग झटकायचा आणि घोळका तसाच मादीच्या अंगावर जायचा. मी मामेभावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं, "नशीब."

मला हे लागलं, अजूनही लागतं. २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच चिकट थर तपासला होता. अंडी घातल्यावर त्यात प्रथिनं वाढतात, त्यात प्रतिपिंडंही असतात, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दुधासारखंच काम आहे ते. तिसऱ्या आठवड्यात आईबाप स्वतःच पिल्लांना चुकवायला लागतात, तेही त्यांनी नोंदवलंय. टबातल्या पिल्लांना खायला कोंबडीच्या अंड्याच्या बलकाची पूड कडेला फासून ह्याची बरोबरी होईल म्हणणाऱ्यानं आधी शेजारी शेजारी दोन्ही पिल्लं वाढवून दाखवावीत.

तेव्हा तुम्ही टँकचा तळ मोकळा ठेवा, वाळू-झाडं नकोत. कोन नसेल तर मातीची कुंडी उलटी घाला. स्पंज फिल्टर पुरे. रात्री बारीक दिवा चालू ठेवा, म्हणजे आईबापाला पिल्लं दिसतात. पिल्लं पोहायला लागली की चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांना आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) ताजी फुटलेली पिल्लं द्या, आणि पाणी रोज बदला. घाण पाण्यात सगळं वाया जातं.

आता काही गोष्टी राहिल्या. तुमची जोडी खरंच जोडी आहे ना हे बघा. दोन माद्याही एकमेकींसोबत अंडी घालतात आणि ती सगळीच्या सगळी पांढरी पडतात. अंडी घालायच्या वेळी खालची नळी बघा, मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक टोकदार. पाणी एका दिवसात मऊ करू नका, मासा मरेल, आठ-पंधरा दिवस घ्या. नव्या जोडीची पहिली एक-दोन खेपेची अंडी जातातच, त्यावर इलाज नाही. पिजन ब्लडसारख्या फिक्या जातींचं अंग काळवंडत नाही, त्यामुळे त्यांची पिल्लं आईबाप सोडून काळ्या स्पंजकडे जातात. त्या जातीत टबाचा मार्ग धरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आणि पाणी ठीक, अंडी काळसर झाली, तरीही जोडी खातच असेल, तर कोनाभोवती जाळी लावा. पिल्लं जाळीतून बाहेर येतात. मोठे व्यापारी अंडी वेगळी काढतात हे मला माहीत आहे, पण त्यांना महिन्याला माल काढायचा असतो. तुम्हाला आणि माझ्या मामेभावाला तसली घाई नाही.

विकून किती सुटतात याचा आकडा आज मांडू नका. पिल्लं रुपयाच्या नाण्याएवढी होईपर्यंत तरी दुकानदाराकडे जाऊ नका. आज संध्याकाळी बोअरचा टीडीएस मोजा आणि आकडा इथे लिहा, किती आरओ मिसळायचं ते सांगतो.