स्वतः बनवलेलं पान एक्सपीवर अडतं आणि नेटवरून सेव्ह केलेलं चालतं, हे उलटं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी नोटपॅडमध्ये मुलांसाठी प्रश्नमंजुषेची एचटीएमएल पानं लिहिली आणि ती घरच्या जुन्या विंडोज एक्सपी कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये आहेत. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पान उघडलं की वर पिवळी पट्टी येते आणि 'उत्तर तपासा' बटण दाबलं तरी काही होत नाही. त्याच फोल्डरमध्ये बाबांनी नेटवरून सेव्ह करून ठेवलेली पानं मात्र बिनतक्रार चालतात. तुम्ही सिक्युरिटी टॅबमधला इंटरनेटचा स्लायडर तळाला नेलात, तरी पट्टी गेली नाही.

सगळ्यात आधी तो स्लायडर परत वर न्या. टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, तिथे इंटरनेटचं चित्र निवडा आणि 'डीफॉल्ट लेव्हल' दाबा. तुमच्या अडचणीशी त्याचा काही संबंध नाही, आणि तो 'लो'वर असताना हा कॉम्प्युटर नेटला जोडणं म्हणजे दाराची कडी काढून गावाला जाणं. एका कार्यालयात मी हे जवळून पाहिलंय. कुणीतरी एक अडलेलं पान चालावं म्हणून स्लायडर खाली केला, पान काही चाललं नाही, स्लायडर तसाच राहिला. मला बोलावलं तेव्हा त्या मशीनवर कुणी न मागितलेल्या टूलबारच्या चार ओळी होत्या आणि होमपेज बदलून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी भलतंच उघडत होतं. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं.

स्लायडरचा उपयोग का झाला नाही, ते सांगतो. सिक्युरिटी टॅबमध्ये तुम्हाला चार चित्रं दिसतात: इंटरनेट, लोकल इंट्रानेट, ट्रस्टेड साइट्स आणि रिस्ट्रिक्टेड साइट्स. यांना झोन म्हणतात: पान कुठून आलं त्यावरून ब्राउझर त्याला एका झोनमध्ये टाकतो आणि त्याप्रमाणे मोकळीक देतो. झोन प्रत्यक्षात पाच आहेत. पाचवा म्हणजे 'माय कॉम्प्युटर', रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) त्याचा क्रमांक शून्य, आणि तो या खिडकीत मुद्दाम दाखवत नाहीत. बाबांची पानं त्या पाचव्या झोनमध्ये उघडतात. तुम्ही ओढलात तो स्लायडर तिसऱ्या क्रमांकाच्या झोनचा.

एके काळी या शून्य झोनला जवळजवळ सगळी मोकळीक होती. १९९७ साली एक्स्प्लोरर ४ बरोबर झोनची कल्पना आली, तेव्हा हिशोब सरळ होता: बाहेरचा तो परका, डिस्कवरचा तो घरचा. घरच्यावर कशाला संशय? पण हल्लेखोरांनी नेमकी हीच फट धरली. बाहेरच्या पानातली स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येणारा छोटा प्रोग्राम, ब्राउझरमधल्या एखाद्या चुकीचा फायदा घेऊन 'मी डिस्कवरचीच आहे' असं ब्राउझरला पटवायची आणि मग फाइल लिहिणं, प्रोग्राम चालवणं, सगळं तिला खुलं व्हायचं. जून २००४ मध्ये 'डाउनलोड.जेक्ट' नावाचा हल्ला याच वाटेने पसरला. चांगल्या, नेहमीच्या वेबसाइटींच्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांच्या पानांना स्क्रिप्टचं शेपूट जोडलेलं असे, त्यामुळे पाहणाऱ्याची काही चूक नसतानाही तो सापडायचा. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे सुधारणांचा मोठा गठ्ठा, आला आणि त्याने शून्य झोनला कुलूप घातलं. तेव्हापासून डिस्कवरच्या साध्या एचटीएमएल फाइलला इंटरनेटवरच्या पानापेक्षाही कमी मोकळीक मिळते. तुमच्या पिवळ्या पट्टीचा जन्म हा.

नेटवर एक जुना उपाय सापडेल: रजिस्ट्रीत झोन शून्यचं 'फ्लॅग्ज' मूल्य बदला, म्हणजे लपलेलं चित्र दिसेल आणि मग त्याची लेव्हल खाली करा. त्यामागे लागू नका. कुलूप लागलेल्या झोनची मूल्यं 'लॉकडाउन झोन्स' या वेगळ्या शाखेतून घेतली जातात, त्यामुळे चित्र दिसूनही बरेचदा फरक पडत नाही आणि मशीन उगाच अर्धवट बदललेल्या अवस्थेत राहतं.

आता सेव्ह केलेली पानं का चालतात? त्यातलं एखादं पान नोटपॅडमध्ये उघडा. अगदी वर, डॉकटाइपच्या (पानाचा प्रकार सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) खाली, एचटीएमएल टिप्पणीच्या चिन्हांमध्ये एक ओळ दिसेल: 'सेव्ह्ड फ्रॉम यूआरएल', बरोबरचं चिन्ह, कंसात चार आकडे आणि त्याला चिकटून मूळ साइटचा पत्ता. पान सेव्ह करताना एक्स्प्लोररनेच ती लिहिलेली आहे. तिला 'मार्क ऑफ द वेब', म्हणजे वेबची खूण, म्हणतात; पुढे मी तिला नुसती खूण म्हणेन. ही ओळ वाचली की एक्स्प्लोरर त्या फाइलला घरची समजत नाही, ती जिथून आली त्या पत्त्याच्या झोनमध्ये, म्हणजे इंटरनेटमध्ये, चालवतो. आणि इंटरनेट झोनमध्ये साधी जावास्क्रिप्ट, म्हणजे 'उत्तर तपासा'सारखी बटणं ज्यावर चालतात ती स्क्रिप्ट, चालते. बाबांच्या पानांवर ती ओळ नाही, म्हणून ती कुलूपबंद झोनमध्ये जातात. घरच्यापेक्षा पाहुण्याला जास्त मोकळीक, हे विचित्र वाटतं खरं, पण कारण कळलं की उपायही कळतो: बाबांच्या पानांना तीच ओळ द्यायची.

फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा आणि मगच हात लावा. ही पानं पुन्हा कुणी लिहून देणार नाही. मग सेव्ह केलेल्या पानातली ती पूर्ण ओळ, टिप्पणीच्या चिन्हांसकट, कॉपी करून बाबांच्या पानात डॉकटाइपनंतर आणि एचटीएमएल टॅगच्या आधी चिकटवा. पत्त्याच्या जागी 'अबाउट', कोलन, 'इंटरनेट' असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि कंसातला आकडा ००१४ करा. हा आकडा म्हणजे पुढच्या पत्त्याची लांबी: अबाउटची पाच अक्षरं, कोलन एक, इंटरनेटची आठ. आकडेही अर्थात इंग्रजीच. सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, तपासा. पान युनिकोड मराठीत असेल तर यूटीएफ-८ निवडा, कारण 'अँसी'मध्ये सेव्ह झालं तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतील आणि ती परत आणता येणार नाहीत.

हे सगळ्या पानांना करा, फक्त पहिल्या पानाला नको. खूण असलेलं पान इंटरनेट झोनमध्ये चालतं, आणि इंटरनेट झोनमधल्या पानाला शून्य झोनमधल्या फाइलकडे जाता येत नाही. त्यामुळे पहिल्या पानाला खूण आणि दुसऱ्याला नाही अशी स्थिती असेल तर मधली लिंक नुसती मुकी होते, धड संदेशही येत नाही. याच कारणाने बाबांनी एखाद्या पानातून पीडीएफची लिंक दिली असेल तर तीही बंद पडेल, कारण पीडीएफमध्ये ही ओळ टाकायची सोय नाही. तेवढ्या फाइली फोल्डरमधून थेट उघडाव्या लागतील.

दुसरा मार्ग सोपा आहे: इंटरनेट ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये, सिक्युरिटीच्या यादीत, 'अलाउ अ‍ॅक्टिव्ह कंटेंट टु रन इन फाइल्स ऑन माय कॉम्प्युटर' वर टिक करा आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. एका झटक्यात पट्टी जाईल. पण ही सूट डिस्कवरच्या सगळ्याच फाइलींना मिळते, फक्त बाबांच्या फोल्डरला नाही. कॉम्प्युटरची नेटची वायर कायमची काढलेली असेल आणि कुणाचेही पेनड्राइव्ह त्यात येत नसतील, तर मीही हाच मार्ग घेईन. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ पासून बंद आहेत, त्यामुळे वायर तशीही काढलेलीच बरी. नाहीतर पानागणिक दोन मिनिटं खर्च करा आणि खुणेचाच मार्ग धरा.

तुम्ही जाता जाता विचारलंय की सेव्ह केलेल्या काही मराठी पानांत अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड मजकूर का दिसतो. त्याचा झोनशी संबंध नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइटी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरत आणि ते फॉन्ट पानाबरोबर ईओटी (वेबपानासाठीच्या फॉन्टची) फाइलच्या रूपात ब्राउझरला पाठवत. ती फाइल सहसा त्या त्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, डिस्कवरच्या फोल्डरमधून उघडली की लागू होत नाही. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव असतं. तो फॉन्ट बाबांच्या मशीनवर कंट्रोल पॅनलच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकला की मजकूर वाचता येईल. बाबांनी तेव्हा डीटीपीचं काही काम केलं असेल तर त्यांच्या जुन्या सीडींमध्ये तो सापडण्याची बरीच शक्यता आहे, आधी तिथे पाहा.

खूण टाकूनही पट्टी राहिली तर दोन गोष्टी तपासा. कंसातला आकडा आणि पत्त्याची अक्षरं जुळतात का, एक जरी जास्तीची जागा पडली तरी एक्स्प्लोरर ती ओळ मानत नाही. आणि फाइल लिनक्सवरच्या एखाद्या एडिटरमध्ये बदलली होती का. ओळीच्या शेवटी विंडोजच्या पद्धतीची, दोन चिन्हांची ओळ-समाप्ती लागते, लिनक्सवर एकच पडते. अशी फाइल एक्सपीच्या नोटपॅडमध्ये एकाच लांब ओळीत दिसते, त्यावरून ओळखता येईल. खुणेच्या ओळीच्या शेवटी नोटपॅडमध्येच एकदा एंटर दाबून सेव्ह करा.