निळ्या गुलाबाच्या बियांचं पाकीट घेऊ नका

पावसाळा लागला की एकच तक्रार येत राहते: लावलं एक, फुललं भलतंच. या खेपेचे चार प्रश्न.

प्रश्न : गुलाबी गुलबक्षीच्या बियांतून लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही रोपं आली. बी बदललं गेलं का? (कोथरूड)

उत्तर : नाही. गुलाबी गुलबक्षीत लालचं एक आणि पांढऱ्याचं एक जनुक असतं. पुढच्या पिढीत सरासरी एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं.

प्रश्न : मुळाशी हळदीचं पाणी घातलं की पांढरी जास्वंद पिवळी होते म्हणतात. (सिंहगड रस्ता)

उत्तर : होत नाही. मातीच्या आम्लतेने हायड्रेंजियाच्या काही जाती रंग बदलतात. ते जास्वंदीला लावू नका.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या निळ्या गुलाबाच्या बिया दीड महिन्यात उगवल्या नाहीत. माझं काय चुकलं? (औंध)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, तुम्हाला फसवलं. डेल्फिनिडिन हे निळं रंगद्रव्य बनवायला लागणारं जनुक गुलाबात नाहीच. जपानच्या सनटोरी कंपनीने पॅन्झीचं जनुक गुलाबात घातलं, २००४ मध्ये ते जाहीर केलं आणि २००९ मध्ये फुलं तिथे विक्रीला आणली. तीही जांभळटच. फुलवाल्याकडचा गडद निळा गुलाब रंगवलेला असतो.

शिवाय बागेतला गुलाब मुळात अनेक जातींचा संकर, बहुतेकांत गुणसूत्रांचे चार संच. एकाच फळातलं प्रत्येक बी वेगळं निघतं. म्हणून नावाचा गुलाब डोळा भरून (दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा बसवून) किंवा छाटकलमाने वाढवतात, बियांनी कधीच नाही. गेल्या आठवड्यात एका वाचकाने असं पाकीट आणून दाखवलं. आत मोहरीहून बारीक, काळे, गोल दाणे. गुलाबाचं बी फिकट तपकिरी, कोनदार, टणक असतं आणि उगवण्याआधी त्याला कित्येक आठवडे थंडावा लागतो. पाकिटावर लिहिलं होतं, ‘सात दिवसांत उगवण’! पाकीट, पावती जपा, बी जाणकाराला दाखवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

प्रश्न : कलमी लाल गुलाबाला दोन वर्षांपासून झुपक्याने बारीक गुलाबी फुलं येतात. जनुक बदललं का? (हडपसर)

उत्तर : नाही, ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय तो खालचा खुंट फुटलाय. एका देठाला सात पानं असली की फांदी रानटी, ही ऐकीव खूण सोडा. कलमी गुलाबालाही सात पानं येतात. माती उकरून फांदी कलमाच्या जोडाच्या खालून निघते का ते बघा. ती वीतभर असतानाच बुडातून ओढून काढायची होती, तुम्ही दोन वर्षं थांबलात. आता वरचं कलम जिवंत आहे का हे कळल्याशिवाय कात्री लावू नका. जोडाचा जवळून फोटो घ्या आणि शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या विभागात दाखवा, याच आठवड्यात.