लिंटरच्या रिपोर्टमध्ये ओळीसोबत कॉलम आणि शेवटची जागा कशी दाखवावी?

तुमचा प्रश्न मला असा कळला: तुमच्या टीमचा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन) पायथॉनच्या एएसटी मॉड्यूलवर (ते कोडचं रचनेच्या झाडात रूपांतर करतं) चालतो, रिपोर्टमध्ये सध्या फाइल आणि ओळ एवढंच येतं, आणि साधा टेक्स्ट, जेसन व चेकस्टाइल (एक्सएमएलवर आधारलेला) या तिन्ही रिपोर्ट-फॉरमॅटमध्ये कॉलम आणि शेवटची जागाही हवी आहे.

फील्ड वाढवणं अर्ध्या तासाचं काम. पायथॉन ३.८ पासून एएसटीच्या नोडवर (झाडाच्या प्रत्येक घटकावर) शेवटची ओळ आणि शेवटचा कॉलमही मिळतो, तो उचलून पुढे पाठवायचा. फक्त आहे तसा छापू नका. मी छापला होता.

तो कॉलमचा आकडा अक्षरांचा नसतो, यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) बाइटचा असतो आणि शून्यापासून मोजलेला असतो. सगळा कोड रोमन लिपीत असेल तर बाइट आणि अक्षर एकच, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आता ही ओळ बघा, पायथॉनला ती चालते:

["नमस्कार", क]

एएसटी सांगतं की 'क' २६व्या स्थानावर आहे. अख्खी ओळच १४ कॅरेक्टरची! 'नमस्कार' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण पाय मोडायचं चिन्ह आणि काना वेगळे धरून युनिकोडमध्ये ती सात होतात, आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. उपाय सोपा आहे: ओळ यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करा, २६ बाइटवर कापा, डावा तुकडा डीकोड करून त्याची लांबी मोजा. १२ येतात, एक मिळवला की १३, आणि एडिटरमध्ये बोट बरोबर 'क'वर पडतं. मात्र फाइलच्या ओळी पाडायला पायथॉनचं 'स्प्लिटलाइन्स' वापरू नका. ते फॉर्म-फीडवरही (नवं पान सुरू करायचं जुनं अदृश्य चिन्ह) ओळ तोडतं, पायथॉनचा पार्सर तोडत नाही, आणि एखाद्या जुन्या फाइलमध्ये तिथून खालचे सगळे आकडे सरकतात.

लिंटरच्या आत एकच पद्धत ठरवा. मी एकपासून मोजतो, कॅरेक्टरमध्ये मोजतो आणि शेवट म्हणजे शेवटच्या कॅरेक्टरच्या पुढची जागा धरतो. बाकीचं रूपांतर प्रत्येक फॉरमॅटच्या दारात करायचं, कारण बाहेर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. जावास्क्रिप्टचा लिंटर एसलिंट ओळ आणि कॉलम दोन्ही एकपासून मोजतो. पायथॉनचा लिंटर पायलिंट ओळ एकपासून, पण कॉलम शून्यापासून. एडिटरशी बोलणारा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल दोन्ही शून्यापासून मोजतो, आणि तेही मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत (१६ बिटांचे तुकडे). मराठी मजकूर तिथे सुखरूप पार पडतो, पण कमेंटमध्ये एखादा हसरा इमोजी आला की तो दोन मोजला जातो. सारिफ २.१.० (अशा साधनांच्या निकालांसाठीचा जेसनवर आधारलेला प्रमाण फॉरमॅट) मला यात सगळ्यात समंजस वाटतो: कॉलम कुठल्या एककात मोजला, हे फाइलमध्येच लिहायची सोय त्यात आहे.

जेसनमध्ये जुन्या कीला हात लावू नका, शेजारी नव्या घाला. रुबीच्या लिंटरने, रुबोकॉपने, हेच केलंय. सुरुवात-शेवटाची नवी फील्ड आली तरी जुनी 'लाइन' आणि 'कॉलम' तिथेच आहेत. चेकस्टाइलच्या एक्सएमएलमध्ये ओळ आणि कॉलम यांनाच जागा आहे. शेवट तिथे घुसवू नका, ज्याला हवा तो जेसन वाचेल.

टेक्स्टच्या बाबतीत माझा पोपट झालेला आहे. फाइल, ओळ, कॉलम आणि मग संदेश, मध्ये कोलन (:), असा साधा साचा होता. मी कॉलमपुढे डॅश देऊन शेवटही चिकटवला. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) कुणीतरी लिहिलेला रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना) त्यावर जुळेना, आणि काहीच जुळलं नाही म्हणजे चूक नाही, असं समजून दोन दिवस सगळे बिल्ड हिरवे! तेव्हापासून मूळ साच्यात कॉलमच्या पुढे काही घालत नाही. ज्याला शेवट हवा त्याच्यासाठी टेम्प्लेटचा पर्याय ठेवलाय.

'फाइल फार लांब आहे' यासारख्या तक्रारीला कॉलम नसतोच. तिथे शून्य लिहू नका, नल (म्हणजे 'किंमत नाही') द्या. शून्यापासून मोजणारा वाचक त्याला पहिलं कॅरेक्टर समजेल. आणि टेस्टसाठी वरची 'नमस्कार'वाली ओळ, एक इमोजी आणि दोन-तीन ओळींवर पसरलेली एक स्ट्रिंग अशी छोटी फाइल करून ठेवा. माझ्याकडचे निम्मे बग तिनेच पकडले.