अडून व्यायलेल्या शेळीचे करडू
पहिल्याच वेताला शेळी अडली, म्हणजे विताना करडू आत अडकले, म्हणून खचून जाऊ नका. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे नेहमीचीच. त्यांतले एक अडले की दुसऱ्यालाही प्राणवायू कमी पडू शकतो, आणि असे करडू जगले तरी सुस्त राहते, आपणहून आचळ धरत नाही व मराठवाड्यातल्या पौषातल्या पहाटे तर लगेच गारठते. म्हणून नाकातोंडातला चिकटा पुसून, गोणपाटाने अंग चोळून, तासाभरात चीक (व्यायल्यावरचे पहिले घट्ट दूध) पाजावा, २.५ किलोच्या करडाला पहिल्या २४ तासांत सुमारे २५० मिलीलिटर, तोही थोडाथोडा.

नवख्यांच्या चुका दोनच, पण महागात पडणाऱ्या:
- गार पडलेल्या करडाला ऊब न देताच बळजबरीने पाजणे, ज्यामुळे चीक फुप्फुसात जातो.
- शेळीला कळ नसताना करडाचे पाय ओढणे. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही करडू येत नसेल, तर पशुवैद्यकांना बोलवावे.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.