एक्सेलमध्ये १०,००० तासांच्या पुढची नोंद बेरजेत का धरली जात नाही?

यंत्रांच्या चालू तासांच्या तक्त्यात १२५००:०० अशी नोंद केली, तर ती बेरजेत येत नाही आणि फॉरमॅट बदलूनही उपयोग होत नाही, असे आपण विचारले आहे. फॉरमॅटने हे सुटणार नाही, कारण एक्सेलने ती नोंद मुळात वेळ म्हणून स्वीकारलेलीच नाही.

एक्सेलच्या लेखी वेळ हा दिवसाचा अंश असतो; बारा तास म्हणजे ०.५ आणि एक तास म्हणजे १ भागिले २४. तास-मिनिटांचा साधा फॉरमॅट पूर्ण दिवस गाळून उरलेला अंश तेवढा दाखवतो, म्हणून ३० तासांची बेरीज ६:०० दिसते. फॉरमॅटमधले तासांचे अक्षर चौकोनी कंसात घातले, म्हणजे [h]:mm असे लिहिले, की २४ च्या पुढचे तासही दिसू लागतात. हे आपण केलेलेच असावे.

खरी मर्यादा टाइप करण्याची आहे. सेलमध्ये थेट लिहिलेली वेळ ९९९९:५९:५९ पर्यंतच वेळ मानली जाते आणि त्यापुढचे सर्व काही मजकूर ठरते. सम हे फंक्शन रेंजमधला मजकूर कसलीही सूचना न देता वगळते, हा यातला सर्वांत घातक भाग आहे. माझ्या एका तक्त्यात सर्वांत जुन्या यंत्राचे तास असेच गळाले होते आणि उरलेली बेरीज इतकी पटण्यासारखी होती की कोणालाही शंका आली नाही. तो आकडा संख्येसारखा उजवीकडे न जाता मजकुरासारखा सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला होता, एवढीच काय ती खूण होती. (९९९९:०० लिहून फॉर्म्युला बार पाहिल्यास तिथे १९ फेब्रुवारी १९०१, दुपारचे तीन असे दिसेल, कारण एक्सेल तासांचे दिवस करून ते १९०० च्या सुरुवातीपासून मोजते; ते पाहून बिचकू नये, आतला आकडा बरोबरच असतो.)

उपाय सोपा आहे. वेळ टाइप न करता =१२५००/२४ असे सूत्र लिहावे आणि वर ३० मिनिटे असल्यास त्यात +३०/१४४० जोडावे. कंसाच्या फॉरमॅटमध्ये ते १२५००:३० असे नीट दिसते, कारण दाखवण्याची मर्यादा एक्सेलच्या शेवटच्या तारखेपर्यंत, म्हणजे ३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत जाते आणि तेवढ्यात सुमारे ७ कोटी १० लाख तास बसतात. टाइम हे फंक्शन मात्र इथे वापरू नये. ते २४ तासांचे पूर्ण फेरे टाकून देत असल्यामुळे १२५०० तासांचे २० तासच हाती लागतात.

तक्ता नव्याने मांडणार असाल, तर तास १२५००.५ असे साध्या दशांश संख्येत ठेवावेत, असे माझे मत आहे. त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच राहत नाही आणि ताशी दराने गुणतानाही २४ चा हिशेब करावा लागत नाही.