मिसूरीचं मतदान आणि अस्वलाचं पिल्लू

मागच्या अंकात अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचं, म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथवर सरकली होती त्या टोकावरचं, रोजचं जगणं रंगवणाऱ्या चित्रकारांवर दोन पानं लिहिली होती. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली ही चार. लांबलेल्या पत्रांना कात्री लावली आहे, राग नसावा.

प्रश्न : सर, आम्ही मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला राहतो. इथल्या कलासंग्रहालयात जॉर्ज केलेब बिंगहॅम या चित्रकाराचं ‘द काउंटी इलेक्शन’ हे निवडणुकीचं चित्र पाहिलं. माझा धाकटा म्हणाला, ‘बाबा, ही सगळी माणसं नाटकात उभी केल्यासारखी दिसतात.’ मलाही तेच वाटलं. मग याला त्या काळच्या जगण्याचं खरं चित्र का म्हणायचं?

उत्तर : धाकट्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या. माणसं उभी केलेलीच आहेत. बिंगहॅम आधी एकेका माणसाचं कागदावर स्वतंत्र रेखाटन करायचा, पेन्सिल आणि वर ब्रशने शाईच्या छटा. मग त्यातली हवी ती माणसं कॅनव्हासवर उतरवून त्यांची जुळणी करायचा. अशी शंभराहून जास्त रेखाटनं शिल्लक आहेत. ती तुमच्याच शहरातल्या मर्कंटाइल लायब्ररीकडे होती. १९७०च्या दशकात ती विकायची ठरली, तेव्हा मिसूरीच्या लोकांनी वर्गणी काढून ती राज्यासाठी राखली, आणि त्या वर्गणीत शाळकरी पोरांचेही पैसे होते. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा.

मांडणी कृत्रिम असली म्हणून मजकूर खोटा ठरत नाही. पुन्हा जाल तेव्हा चित्रासमोर जरा वेळ काढा आणि डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. तिथे एक गलेलठ्ठ गृहस्थ बाकावर बसून पेला पुढे करतोय आणि एक कृष्णवर्णीय माणूस त्याला दारू ओतून देतोय. त्यांच्यामागे एकाचे पाय लटपटतायत, त्याला बखोटीला धरून मताला नेणं चाललंय. मधे दोघं नाणं उडवतायत. पायऱ्यांवर एक उमेदवार टोपी उचलून मतदाराला आपल्या नावाची चिठ्ठी देतोय, इतका लवून की हसू यावं. वर लाल शर्टातला माणूस बायबलवर हात ठेवून शपथ घेतोय, कारण तेव्हा मिसूरीत मत तोंडी द्यायचं असे. गुप्त मतदान नव्हतं, कोण कुणाला मत देतो हे साऱ्या गावाला ऐकू जाई. उजवीकडे डोक्याला फडकं बांधलेला एकजण मान टाकून बसलाय. आणि अगदी पुढे, आपल्या पायाशी, दोन पोरं जमिनीत चाकू रुतवण्याचा खेळ खेळतायत. या सगळ्यावर निळा झेंडा : लोकांची इच्छा हाच सर्वोच्च कायदा.

हे १८५२चं चित्र काढणाऱ्याला निवडणूक आतून माहीत होती. १८४६ साली बिंगहॅम सलाइन काउंटीतून राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला. पहिल्या मोजणीत तीन मतांनी जिंकला. प्रतिस्पर्धी इरॅस्मस सॅपिंग्टनने हरकत घेतली आणि जागा त्याला मिळाली. दोन वर्षांनी बिंगहॅमने त्यालाच हरवलं. टोपी उचलून लवणारा तो उमेदवार म्हणजे सॅपिंग्टनच, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं. असा लवण्याचा बाक नुसत्या कल्पनेने सुचत नाही, त्यासाठी मनात थोडा राग लागतो.

आता खोट कुठे आहे तेही सांगतो. मिसूरी १८२१ साली गुलामगिरी मानणारं राज्य म्हणूनच संघात आलं. या एवढ्या गर्दीत कृष्णवर्णीय माणूस एकच ठळक दिसतो, आणि तो दारू ओततोय. बिंगहॅमने त्याला रंगवलं हे खरं, पण त्याच्या जगण्याबद्दल चित्र एक अक्षर बोलत नाही. त्याला मत नव्हतं, आणि वरच्या झेंड्यावरच्या ‘लोकां’त तो मोडत नव्हता. बिंगहॅमला हा विरोधाभास दाखवायचा होता की त्याच्या नजरेतून तो सुटला, यावर वाद घालता येईल. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

त्याची नदीवरची चित्रं पाहताना दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिंगहॅमचं कुटुंब १८१९ साली व्हर्जिनियाहून मिसूरीतल्या फ्रँकलिन गावी आलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच वर्षी मिसूरी नदीतून पहिली आगबोट फ्रँकलिनला लागली. म्हणजे नावाड्यांचं जे जग त्याने १८४५पासून रंगवलं, त्याचा उतार त्याच्या लहानपणीच सुरू झाला होता. गिऱ्हाईक होतं न्यूयॉर्कला. अमेरिकन आर्ट-युनियन नावाची संस्था वर्षाला पाच डॉलर वर्गणी घेई, सभासदांना एखाद्या चित्राची कोरीव ठशावरून छापलेली प्रत पाठवी आणि मूळ चित्रांची सोडत काढी. तिने ‘द जॉली फ्लॅटबोटमेन’ २९० डॉलरला घेतलं, त्याच्या हजारो प्रती घरोघर गेल्या, आणि सोडतीत मूळ चित्र लागलं एका किराणा व्यापाऱ्याला! आता बघा त्या चित्रात काय आहे : सपाट बोटीच्या टपावर एकजण हात वर करून नाचतोय, एकजण फिडल वाजवतोय, पोरगा तवा बडवतोय, बाकीचे निवांत बघतायत. माल उतरवणं नाही, लांब वल्हं ओढणं नाही, घाम नाही. शहरातल्या दिवाणखान्यात लावायला घाम चालत नव्हता.

‘फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिसूरी’ हे १८४५चं चित्रही याच संस्थेने घेतलं, ७५ डॉलरला. बिंगहॅमने नाव दिलं होतं फ्रेंच व्यापारी आणि त्याचा मिश्रवंशीय मुलगा, अशा अर्थाचं. संस्थेने ते बदलून टाकलं. बाप युरोपीय, आई मूळनिवासी, अशी कुटुंबं केसाळ कातड्यांच्या व्यापारात सर्रास होती. शीर्षकातून ती गेली आणि उरला तो नुसता व्यापार. मुलगी न्यू जर्सीत असल्याने मला हे चित्र मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहायला मिळालं. पुस्तकातल्या छपाईत होडीच्या टोकावरचं ते काळं जनावर मांजरासारखं दिसतं, त्याला कोल्हाही म्हणून झालंय. ते साखळीने बांधलेलं अस्वलाचं पिल्लू आहे. प्रत्यक्षात बघताना माझी नजर त्या पिल्लावरून त्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबावर गेली आणि तिथून हलेना. काळ्या रंगाचे दोन ठिपके, मधे पाण्याची एक रेघ. म्हातारा पाइप ओढत वल्हं धरून बसलाय, पोरगा गठ्ठ्यावर रेलून आपल्याकडे बघतोय, समोर मारलेलं बदक. होडी एकाच खोडातून कोरलेली. या वस्तूंवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. तो गुलाबी धुक्याचा शांतपणा मात्र बिंगहॅमच्या पदरचा. गढूळ, ओंडक्यांनी भरलेली मिसूरी नावाड्यांची झोप उडवणारी नदी होती.

प्रश्न : सरहद्दीवरच्या या चित्रांत बायका कुठे आहेत? की बाया घर सांभाळत होत्या म्हणून कुणाला दिसल्याच नाहीत? (नाशिक)

उत्तर : ताई, प्रश्नातच अर्धं उत्तर दिलंत. निवडणुकीच्या चित्रात बाई नाही, कारण तिला मतच नव्हतं. नदीवर नाही, कारण तिथली कामं पुरुषांची. बिंगहॅमने पश्चिमेकडे वाट काढणाऱ्या डॅनियल बून या नामांकित शिकाऱ्याचं स्थलांतर रंगवलं तेव्हा बूनची बायको पांढऱ्या घोड्यावर आली, पण डोक्यावर पदरासारखी शाल घेतलेली ती थेट येशूची आई मेरी दिसते. पुजायला ठीक, पण तिच्या हाताला काम नाही.

त्यापेक्षा १८५०चं ‘द स्क्वॉटर्स’ बघा. पुढे दोन पुरुष, एक काठीवर रेललेला, एक बसलेला, दोघंही निवांत. मागे ओंडक्यांच्या खोपटापाशी एक बाई कपडे धुण्यासाठी कमरेत वाकलेली, चेहराही धड दिसत नाही. बिंगहॅमला ही सरकारी जमिनीवर येऊन वसणारी मंडळी आवडत नसत. यांना शेतीचे कष्ट नकोत, शिकार संपली की जागा विकून पुढे सरकतात, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यांची मतंही त्याच्या पक्षाला पडत नसत, हे जाता जाता. पण त्यानेच काढलेल्या चित्रात कष्ट कोण करतंय ते समोर आहे. ‘कष्ट नकोत’ म्हणताना त्याने त्या बाईला मोजलं नसावं.

मूळनिवासी बायकांचं काम मात्र एका लष्करी अधिकाऱ्याने बारकाईने टिपलं. सेथ ईस्टमन १८४०च्या दशकात मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगवर होता. डकोटा जमातीच्या बायका मेपलच्या झाडाचा रस आटवून साखर करतात, पाण्यातून होड्या नेत रानतांदूळ झोडून घेतात, आणि मक्याच्या शेतात लाकडी माचावर उभ्या राहून पाखरं हाकतात, हे सगळं त्याच्या चित्रांत आहे. तो माच पाहिला की ज्वारी राखायला आपल्याकडे बांधतात तो माळाच आठवतो, फक्त हातात गोफण नाही.

आणि वसाहतीतल्या शेतकरी बाईचं चित्र हवं असेल तर हार्वी डन शोधा. आजच्या दक्षिण डकोटा राज्यात गवताळ माळावरच्या शेतकरी घरात १८८४ साली जन्मला, पुढे पूर्वेकडे जाऊन मासिकांसाठी चित्रं काढून पोट भरलं, आणि लहानपणचा माळ आठवणीतून रंगवत राहिला. ‘द प्रेअरी इज माय गार्डन’मधली बाई रानफुलं तोडायला मुलांबरोबर बाहेर पडलेली आहे, हातात कात्री, मान ताठ. सुंदर आहे, थोडं जास्तच सुंदर. पण तिचे खांदे कामाचे आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे सगळे बाहेरून आलेले चित्रकार झाले. तिथल्या मूळ लोकांनी आपलं जगणं स्वतः चितारलं नाही का?

उत्तर : चितारलं तर! गवताळ मैदानांवरच्या मूळनिवासी टोळ्यांमधले पुरुष रानगव्याच्या (बायसनच्या) कातड्यावर लढाया आणि घोड्यांच्या चोऱ्या रंगवत आले होते. गोऱ्या शिकाऱ्यांनी रानगव्यांचे कळप १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपवले. कातडं मिळेनासं होत गेलं तशी चित्रं व्यापाऱ्यांच्या आणि सैन्याच्या हिशोबाच्या वह्यांवर सरकली. रेघांच्या पानांवर, कधी तर आधीच लिहिलेल्या जमाखर्चावर, पेन्सिल, शाई आणि रंगीत खडूने घोडे धावू लागले.

यातला एक भाग तर तुरुंगातच घडला. १८७५ साली शायान, कायोवा, अरापाहो, कोमांची वगैरे जमातींच्या सत्तरेक जणांना बेड्या घालून फ्लॉरिडातल्या फोर्ट मॅरियनला नेलं. खटला नाही, सुनावणी नाही. तीन वर्षं ते तिथे होते. किल्ल्यावरचा अधिकारी रिचर्ड प्रॅट याने त्यांना कागद आणि रंग दिले, आणि किल्ला बघायला येणारे पर्यटक त्या वह्या साधारण दोन डॉलरला घेऊ लागले. शायान जमातीचा हाउलिंग वुल्फ आणि कायोवा जमातीचा झोटॉम ही त्यातली दोन नावं लक्षात ठेवा. त्यांच्या पानांवर लढाईपेक्षा मागे राहिलेलं घरचं जगणं जास्त आहे : तंबूंची वस्ती, शिकार, एकाच चादरीत उभे असलेले प्रेमी, आणि मग आगगाडी, किल्ला, कधी न पाहिलेला समुद्र. गिऱ्हाईक याही चित्रांना पूर्वेकडचंच होतं, तेव्हा विक्रीसाठी काढलं म्हणून बिंगहॅमला नावं ठेवायची तर इथेही ठेवावी लागतील. मी ठेवणार नाही. प्रॅटने पुढे १८७९ साली कार्लाइलची निवासी शाळा काढली, जिथे मूळनिवासी मुलांचे केस कापून त्यांची भाषा बंद केली. कागद देणारा हात तोच.

वर्गात दाखवायचं असेल तर कुठलंही एक पान घ्या आणि मुलांना फक्त घोड्यांचे पाय बघायला सांगा. सगळे खूर जमिनीपासून सुटलेले, माना लांबलेल्या, क्षितिजाची रेघ नाही, तरी वेग कळतो. मुलांना हे लगेच कळतं. जवळचं मोठं, लांबचं लहान काढायचं यथार्थदर्शन शिकवून आपणच नंतर त्यांचा हात आखडतो.

प्रश्न : मी किनाऱ्यावर बसून तैलरंगात निसर्गचित्रं करतो, सामान वाहून जीव जातो. त्या लोकांनी महिनोन्महिने प्रवासात तैलरंग कसे नेले? (रत्नागिरी)

उत्तर : हालच व्हायचे. पत्र्याची चेपता येणारी रंगाची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली लंडनमध्ये शोधली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून नेत, टोचून तेवढाच काढत, आणि राहिलेला हवेने सुकायचा. जॉर्ज कॅटलिन हा चित्रकार १८३२ साली आगबोटीने मिसूरी नदीतून बराच वर गेला तो याच पिशव्यांच्या जमान्यात. म्हणून तो पातळ रंगात, झपाट्याने, चेहरा नीट आणि बाकी अंग चार फटकाऱ्यांत उरकायचा. आल्फ्रेड जेकब मिलर जास्त शहाणा. १८३७ साली विल्यम ड्रमंड स्ट्यूअर्ट नावाच्या स्कॉटिश सरदाराने त्याला केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांचा मेळा रंगवण्यासाठी रॉकी पर्वतापर्यंत नेलं. मिलरने वाटेत जलरंगांतली टिपणं केली आणि मोठी तैलचित्रं परत आल्यावर, सावकाश, मालकाच्या स्कॉटलंडमधल्या वाड्यासाठी.

तुम्हीही तेच करा. किनाऱ्यावर वही, पेन्सिल आणि जलरंगाचा छोटा डबा न्या, तैलरंग घरी. टिपणात रंगाची नावं शब्दांत लिहून ठेवा, ओल्या वाळूची छटा तर नक्कीच, ती घरी आठवत नाही. टिपणं झाली की त्यांचे फोटो इकडे पाठवा, मोबाइलवर काढलेले चालतील. फक्त कागदाच्या चारही कडा दिसू द्या, मला मांडणी बघायची असते.