लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे?

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्यावर स्टीलचा डबा घेतला. शिक्का ‘३०४’चा, तरी तळाच्या वळणावर लोहचुंबक हलकासा चिकटतो, मधोमध नाही. फसवणूक झाली का?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : एवढ्यावरून नाही. ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर बसतात. या रचनेला लोहचुंबक धरत नाही. साध्या लोखंडात मात्र ते कोपऱ्यांवर आणि घनाच्या पोटात असतात. तिथे अणूंतल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनांचे इवलेसे चुंबकत्व एकाच दिशेने वळते, म्हणून लोखंडाला लोहचुंबक चिकटतो.

डबा साच्यात दाबताना वळणावर पत्रा सर्वांत जास्त ताणला जातो. त्या ताणाने तिथली थोडी रचना बदलून मार्टेन्साइट (स्टीलमधलीच अणूंची वेगळी मांडणी) होते, आणि ते चुंबकीय असते. कारखान्यात सुमारे १०५० अंश सेल्सिअसला तापवून झटपट थंड केले की ते जाते. डब्याला त्याची गरज नाही.

खरी फसगत उलट बाजूने होते. २०१, २०२ या स्वस्त प्रतींत बऱ्याच निकेलची जागा मँगनीज घेते, आणि त्यांनाही लोहचुंबक चिकटत नाही! तो फरक क्ष-किरण यंत्रावर घटक मोजून कळतो. सगळीकडे घट्ट चिकटला, तर बहुधा ४३०, म्हणजे जवळजवळ निकेल नसलेली प्रत. इंडक्शन शेगडीसाठी भांड्याचा तळ तसाच हवा.